गरीब देशाचं घरातलं कर्ज कसं वाचायचं

२०२२ च्या नवरात्रात भाच्याचा अक्राहून फोन आला. घानात, प्लास्टिकच्या बादल्या-घमेली करणाऱ्या एका कारखान्यात तो हिशेब बघतो. म्हणाला, "मामा, इथलं सरकार तीस टक्के व्याज देऊ लालंय. एक्क्याण्णव दिवसांचं बिल घ्यावं का तीन वर्षांचा बाँड? तुम्ही बँकेतले म्हणून इचारलो."

माझी नोकरी छत्तीस वर्षांची. शेवटची तीन सोडली तर सगळी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये, उदगीर, अहमदपूर, औसा, लातूर अशी फिरण्यात गेली. २०१७ च्या एप्रिलात ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली तेव्हा पाटी बदलली, खुर्ची तीच राहिली. अशा माणसाला कुणी व्याजाचं विचारलं की तो गप्प बसत नाही. मी छातीठोक सांगितलं, "बाँड घे. सरकार आपल्याच नोटांतलं कर्ज बुडवत नसतं. नोटांचा छापखाना त्याच्याच घरी आहे."

बिल म्हणजे सरकारनं थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या उसन्याचा कागद, बाँड म्हणजे वर्षांच्या मुदतीचा. भाच्यानं बिल घेतलं. माझं पटलं नाही म्हणून नव्हे, जानेवारीत उदगीरला त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि पैसे तोवर मोकळे हवे होते. ५ डिसेंबरला घाना सरकारनं देशात विकलेले जुने बाँड घेऊन त्याबदली लांब मुदतीचे, कमी व्याजाचे नवे देण्याची योजना जाहीर केली. बिलं त्यातून वगळली होती. मांडवात भाचा नेहमीसारखा पाया पडला, तेव्हा मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

त्या लग्नानंतर मी एक दोनशे पानी वही घातली. तिच्यात हे देश कसे वाचायचे ते शिकत गेलो. ज्यांची लेकरं तिकडं नोकरीला आहेत त्यांना हे उपयोगी पडेल, आणि स्पर्धा परीक्षेच्या ज्या पोरांनी 'कर्ज जीडीपीच्या अमुक टक्के' एवढंच पाठ केलंय, त्यांनाही.

हाली का कलदार, ते आधी ठरवा

आमच्या आजीच्या काळी मराठवाड्यात दोन रुपये होते. निजामाचा हाली, इंग्रजाचा कलदार. सात हाली मोजले की सहा कलदार मिळत. शेतसारा हालीत भरायचा, पण बैल घ्यायला बार्शीच्या बाजारात गेलं की कलदार लागायचा, कारण बार्शी इंग्रजांच्या मुलखात. हाली पाडणं निजामाच्या हातात होतं. कलदार त्याला कमवावा लागे.

देशांतर्गत कर्ज आणि परदेशी कर्ज यांतला फरक नेमका इथं आहे. घानाचा सेडी, झांबियाचा क्वाचा, युगांडाचा शिलिंग हे त्या त्या सरकारचे हाली. डॉलर हा सगळ्यांचाच कलदार. पण कागद हातात आला की गोंधळ होतो, कारण 'देशांतर्गत' शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक, कर्ज कोणत्या चलनात आहे. दुसरा, कर्ज देणारा कुठं राहतो. झांबियानं नोव्हेंबर २०२० मध्ये डॉलरच्या रोख्यांचे हप्ते थकवले. त्या वेळी त्याच्या क्वाचातल्या रोख्यांपैकी बराच हिस्सा परदेशी फंडांकडं होता. चलन घरचं, सावकार बाहेरचा. पुढं वाटाघाटी झाल्या तेव्हा हे रोखे बाहेर ठेवले गेले.

पश्चिम आफ्रिकेतली गंमत आणखी वेगळी. नायजर, माली, बुर्किना फासो, सेनेगल, आयव्हरी कोस्ट अशा आठ देशांचं चलन एकच, सीएफए फ्रँक, आणि मध्यवर्ती बँकही एकच, डाकारला. नायजरचं सरकार आयव्हरी कोस्टमधल्या बँकेकडून त्याच फ्रँकमध्ये उसनं घेतं. हे घरातलं म्हणायचं का बाहेरचं? जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली, शेजाऱ्यांनी निर्बंध घातले, मध्यवर्ती बँकेची दारं बंद झाली आणि त्या बाजारातल्या कर्जाचे हप्ते चुकू लागले. निर्बंध उठेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी २०२४ पर्यंत, ते तसंच चाललं. आपल्या चलनाचा छापखाना दुसऱ्या गावात असला की असं होतं.

तेव्हा वहीत दोन रकाने पाडा: चलन कोणतं, देणारा कुठला. एका रकान्यावर भागवू नका.

कागद

तीन लागतात आणि तिन्ही फुकट मिळतात. अर्थ मंत्रालयाची कर्ज पत्रिका, बरेच देश ती ठरावीक काळानं काढतात. मध्यवर्ती बँकेनं जाहीर केलेले लिलावाचे निकाल. आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा त्या देशावरचा अहवाल, ज्याच्या पोटात शेवटी 'कर्ज शाश्वतता विश्लेषण' नावाचं प्रकरण असतं. ते आधी उघडा, प्रस्तावना नंतर वाचली तरी चालते. फ्रेंच किंवा पोर्तुगीज कागदाला घाबरू नका. मथळे मोबाइलवर भाषांतरित करून घ्या, आकडे सगळ्यांचे सारखेच असतात.

जाता जाता, गरीब देश कुणाला म्हणायचं? जागतिक बँकेच्या जुलै २०२४ च्या यादीनुसार माणशी वार्षिक उत्पन्न १,१४५ डॉलर किंवा त्याहून कमी असलेले २६ देश. इथिओपिया, मलावी, युगांडा, मोझांबिक, नायजर त्यात होते. घाना तांत्रिकदृष्ट्या एक पायरी वर आहे, पण नाणेनिधीच्या स्वस्त कर्जाच्या रांगेत आणि त्याच कर्ज-तपासणीत तोही बसतो, म्हणून मी त्याला याच वहीत ठेवलंय. उगीच नाक मुरडू नका, २००० च्या दशकापर्यंत आपणही त्या यादीत होतो.

व्याज भागिले वसुली

सगळं सोडून एकच गणित करायचं असेल तर हे करा. जीडीपीशी तुलना नंतर. जीडीपी म्हणजे सगळ्या गावाचं पीक, सरकारच्या हातात येतो तो फक्त सारा. आणि गरीब देशांत सारा थोडाच गोळा होतो.

समजा एका देशाची वर्षाची कमाई १०० आहे, सरकारची वसुली १५ आणि कर्ज ७०. त्यातलं निम्मं, ३५, जागतिक बँकेसारख्या संस्थांचं स्वस्त कर्ज. अशा कर्जावर पाऊण टक्क्याच्या आसपास सेवाशुल्क आणि तीस वर्षांहून लांब मुदत असते. आपण ढोबळ एक टक्का धरू: व्याज ०.३५. उरलेलं निम्मं, तेही ३५, घरातलं, वीस टक्क्यांनी: व्याज ७. एकूण ७.३५. वसुलीचा जवळजवळ अर्धा हिस्सा व्याजात गेला. आणि त्या व्याजातला पंच्याण्णव टक्के भाग निम्म्याच कर्जाचा.

हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा पुन्हा पुन्हा तपासलं. बातम्यांत सगळा आरडाओरडा डॉलरच्या कर्जाचा असतो, आणि शाळामास्तरचा पगार अडतो घरच्या कर्जाच्या व्याजानं. डॉलरचं कर्ज निराळ्या वाटेनं त्रास देतं: डिझेल आणि औषधं आणायला परकी चलन उरत नाही. दोन्ही दुखणी एका गोळीनं बरी होत नाहीत.

नाणेनिधीच्या तपासणीत एकूण सरकारी कर्जासाठी जीडीपीच्या ३५, ५५ आणि ७० टक्के अशा तीन रेषा आहेत. कारभार कच्चा, मध्यम की पक्का, यावर कोणती रेषा लावायची ते ठरतं. ते टक्के कर्जाच्या 'आजच्या मूल्या'वर, म्हणजे पुढं द्यायचे हप्ते आजच्या किमतीत मोजून, असतात. स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज तिथं कागदावरच्या आकड्याहून लहान दिसतं, महाग आणि आखूड मुदतीचं तसं लहान होत नाही. परीक्षेच्या पोरांनो, ७० ही रेषा सगळ्यांना लावू नका.

किती दिवसांचं

९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं आपल्याकडंही आहेत, घाना, युगांडा, मलावीतही तीच. बिलावर व्याज छापलेलं नसतं. शंभरचा कागद कमी पैशात घ्यायचा, मुदत संपली की शंभर मिळवायचे. तीस टक्के दर आणि एक्क्याण्णव दिवस म्हणजे तिमाहीचे साडेसात. शंभरला १.०७५ नं भागलं की ९३.०२. भाच्यानं साधारण ९,३०० सेडी भरले ते १०,००० मिळवण्यासाठी.

आता हेच सरकारच्या बाजूनं बघा. ऊसतोडीला जाणारा माणूस मुकादमाकडून उचल घेतो, हंगामात ती फिटत नाही, मग पुढच्या हंगामाची उचल जुनी फेडायलाच जाते. बिलांवर जगणाऱ्या सरकारचा हंगाम तेरा आठवड्यांचा असतो. सोळा टक्के दरानं हातात १०० घेतले, तेरा आठवड्यांनी १०४ द्यायचे. ते १०४ नवी बिलं विकून उभे केले, पण दर तोवर तीसवर गेला: पुढं १११.८ द्यायचे. मग १२०.२. मग १२९.२. वर्ष सरलं, एक शाळा बांधली नाही, एक खडीचा ट्रक उतरवला नाही, आणि शंभराचे एकशे एकोणतीस झाले. पंचवीस वर्षांचा बाँड असता तर जुन्या दरानं पडून राहिला असता. म्हणून 'सरासरी मुदत' हा आकडा शोधा. तो दीड-दोन वर्षांच्या आत असेल तर त्या देशाचं व्याज आजच्या दरावर ठरतं, जुन्या दराची ऊब त्याला नसते.

लिलावाचा निकाल वाचायला मोंढ्यात गेलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तीन आकडे असतात: सरकारनं किती मागितले, बोली किती रकमेच्या आल्या, किती स्वीकारल्या आणि शेवटच्या बोलीचा दर काय. (चार झाले. असू द्या.) मागितले १००, आले ६०, स्वीकारले ६० असं दोन-तीन आठवडे दिसलं की समजा, आभाळ भरून आलंय आणि तूर उघड्यावर आहे. माल माघारी नेता येत नाही, मिळेल त्या भावाला द्यायचा. उलट मागितले १००, आले २००, स्वीकारले ९० असं असेल तर विकणाऱ्याच्या मानेवर सुरी नाही.

देणारा कोण

याच प्रश्नावर माझा सल्ला चुकला, म्हणून इथं थोडा थांबतो.

गरीब देशांत सरकारला उसनं देणारे मोजकेच असतात: तिथल्या व्यापारी बँका, मध्यवर्ती बँक, पेन्शन फंड, विमा कंपन्या आणि थोडे नोकरदार. बँका खुशीनं देतात असं नाही, अन् जबरदस्तीनं देतात असंही नेहमी नाही. इथिओपियानं २०११ मध्ये नियम केला: खाजगी बँकेनं नवं कर्ज दिलं की त्याच्या २७ टक्के रकमेची राष्ट्रीय बँकेची, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेची, बिलं घ्यायची, पाच वर्षांसाठी, सुरुवातीला तीन टक्के व्याजानं. त्या वर्षी महागाई तीस टक्क्यांच्या वर होती. हा नियम नोव्हेंबर २०१९ मध्ये उठला. एवढ्या काळात बँकांकडून, म्हणजे ठेवीदारांकडून, किती गेलं याचा हिशेब कुठल्याच अंदाजपत्रकात कर म्हणून आला नाही.

आपण हसू नये. १९९०-९१ मध्ये मी काउंटरवर होतो तेव्हा वैधानिक रोखता प्रमाण, म्हणजे ठेवींतला मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा हिस्सा, ३८.५ टक्के होतं, आणि रिझर्व्ह बँकेकडं ठेवायची रोख राखीव १५. शंभर रुपयांची ठेव आली की साडेत्रेपन्न रुपये कर्ज द्यायच्या आधीच बाजूला. उरलेल्या साडेसेहेचाळीसमध्ये अहमदपूरचा शेतकरी, किराणा दुकानदार, जिनिंगवाला, सगळे. मोटारीसाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही 'मर्यादा संपली' म्हणायचो. तो समजायचा साहेबाला चहापाणी हवंय. खरं कारण दिल्लीच्या तुटीत होतं आणि ते मलाही तेव्हा नीट कळत नव्हतं. ते ३८.५ आज १८ आहे.

तेव्हा बँकांच्या ताळेबंदात सरकारी रोख्यांचा वाटा बघा. तो एकतृतीयांशाच्या पुढं असला तर दोन गोष्टी लिहून ठेवा. तिथल्या दुकानदाराला कर्ज महाग किंवा दुर्मीळ आहे. आणि सरकार अडखळलं तर बँक पडेल, बँक पडली तर सरकारलाच उचलावी लागेल.

आणि पेन्शनवाले. घानात बाँड घेणाऱ्यांत निवृत्त लोक होते, माझ्यासारखे. पहिल्या घोषणेत व्यक्तींना हात लावणार नाही असं सांगितलं होतं, डिसेंबर संपायच्या आत त्यांनाही योजनेत ओढलं. पहिला प्रस्ताव असा: जुने बाँड द्या, २०२७ ते २०३७ दरम्यान फिटणारे नवे घ्या. व्याज २०२३ मध्ये शून्य, २०२४ मध्ये पाच टक्के, त्यापुढं दहा. महागाई त्या डिसेंबरात ५४.१ टक्के. अर्थ मंत्रालयाच्या दारात म्हातारी माणसं फलक घेऊन उभी राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफोही त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. अखेर निवृत्तांना सूट मिळाली. मुदत पुन्हा पुन्हा वाढवत फेब्रुवारीत योजना पुरी झाली.

मी म्हटलं होतं नोटांचा छापखाना घरी आहे. तो होताच, आणि तो चाललाही. २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेनं सरकारला भरपूर पैसा पुरवला. सरकारनं मग तिच्याकडच्या रोख्यांनाही अर्ध्यावर कात्री लावली. त्या वर्षी तिचा तोटा ६०.८ अब्ज सेडी झाला. छापखाना असला की कर्ज बुडवायची वेळच येत नाही, हे माझं पुस्तकी ज्ञान. सरकारपुढं खरा प्रश्न असतो तो एवढाच: महागाईनं सगळ्यांचं थोडं थोडं न्यायचं, की बाँडवाल्यांचं एकदम. घानानं दोन्ही केलं. बिलांना मात्र हात लावला नाही, कारण तेरा आठवड्यांनी पुन्हा त्याच दारात उसनं मागायला जायचं होतं. हे तेव्हा डोक्यात आलं असतं तर भाच्याला उलटा सल्ला दिला असता.

तीस टक्के म्हणजे किती

व्याजातून महागाई वजा करा. डिसेंबर २०२२ मध्ये घानाचं ९१ दिवसांचं बिल पस्तीस टक्क्यांच्या आसपास होतं, महागाई ५४. वजा एकोणीस. पैसे परत आले, किंमत आली नाही.

परदेशात कमावून गावाकडं पाठवणाऱ्यानं आणखी एक वजाबाकी करायची, विनिमय दराची. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सहा सेडी पडायचे, नोव्हेंबरात तेरा. मग डिसेंबरात नाणेनिधीशी प्राथमिक करार झाला आणि सेडी बराच सावरला. भाच्याचं बिल जानेवारीत फिटलं, म्हणून त्याच्या वाट्याला चांगला भाव आला. याला हुशारी म्हणायची नाही, मुहूर्ताची कमाल म्हणायची. मलावीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन झालं. तिथं आदल्या आठवड्यात बिल घेऊन बसलेल्याला व्याजाचा दर विचारू नका.

उलटी बाजूही असते. महागाई पाच आणि बिल पंधरा असं एखाद्या देशात दिसलं तर ठेवीदार खूश होतो, पण सरकार दहा टक्के खरं व्याज भरतंय आणि अर्थव्यवस्था तेवढ्या वेगानं वाढत नाही. दर तीस असण्यापेक्षा हे जास्त काळ चालतं आणि जास्त पोखरतं, असं माझं मत आहे.

कागदावर नसलेलं

चुलतभाऊ लहानसहान सरकारी कामं घेतो. एका बंधाऱ्याची दुरुस्ती करून दोन वर्षं झाली, बिल दर 'मार्चअखेर' निघतं म्हणतात. मजूर, सिमेंट, डिझेल त्यानं सावकाराकडून शेकडा तीननं उचलून भागवलं. तीन म्हणजे महिन्याला, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. तर या व्यवहारात सरकारला कर्ज कुणी दिलं? चुलतभावानं, बिनव्याजी. ते कर्जाच्या कुठल्या पत्रिकेत आहे? कुठल्याच नाही.

गरीब देशांत हा रकाना फार मोठा असू शकतो. दवाखान्याला औषध पुरवणारा, रस्ता करणारा, शाळेला धान्य देणारा. केनियात याला 'पेंडिंग बिल्स' म्हणतात आणि नैरोबीच्या पेपरांत हा शब्द रोज भेटतो. शोधायचं कसं? नाणेनिधीच्या अहवालात 'थकीत देणी' या शब्दाभोवतीचे परिच्छेद वाचा. बँकांच्या बुडीत कर्जांत बांधकाम क्षेत्राचा वाटा अचानक वाढलेला दिसला तर बहुतेक वेळा मागं हेच असतं: सरकारनं ठेकेदाराचं थकवलं, ठेकेदारानं बँकेचं.

दुसरी लपलेली जागा म्हणजे मध्यवर्ती बँकेतलं सरकारचं खातं. आपल्याकडं १९५५ पासून पद्धत होती: सरकारची शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप 'ॲड हॉक' बिलं घेऊन खातं भरायची. १९७४ पासून त्यांचा दर ४.६ टक्क्यांवर गोठलेला. तात्पुरती सोय म्हणून आली आणि चाळीस वर्षं राहिली. १ एप्रिल १९९७ ला ती बंद होऊन मर्यादित उसनवारी सुरू झाली. गरीब देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या ताळेबंदात 'सरकारवरील निव्वळ येणं', म्हणजे सरकारनं तिच्याकडून घेतलेलं उसनं, ही ओळ महिन्यागणिक बघा. लिलावात बोली कमी आणि ही ओळ वर, असं सोबत दिसलं की पुढचा महागाईचा आकडा काय येणार ते कळायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणून घरातलं कर्ज वाईटच का?

नाही. १९९६ ची आणि २००५ ची परदेशी कर्जांची माफी झाल्यावर या देशांनी आपले बाजार उभे केले ते बरंच झालं. डॉलर चढला म्हणून हाली कर्ज वाढत नाही. पेन्शन फंडाला पैसा ठेवायला जागा मिळते. केनियानं २०१७ मध्ये 'एम-अकिबा' नावाचा बाँड काढला, मोबाइलवरून, कमीत कमी तीन हजार शिलिंगांचा, दहा टक्के व्याजाचा, व्याज करमुक्त. पहिली लहान खेप खपली, पुढच्या मोठ्या खेपेला ठरवलेल्या रकमेच्या पाव भागाच्या आसपासच पैसा आला. तरी कल्पना मला आवडली. आमच्या गल्लीतल्या बचतगटाच्या बायकांना सांगितली तर एकीनं विचारलं, "पण अडीनडीला मधीच मोडता येतंय का?" येतं, पण बाजारात घेणारा सापडला तर. अशा देशांत तो सहजासहजी सापडत नाही, कारण बँका रोखे घेऊन मुदतीपर्यंत उबवत बसतात. घेताना हाच प्रश्न विचारायचा.

हात बसवायचा असेल तर

वाचून बिल कळत नाही, एकदा घ्यावं लागतं. रिझर्व्ह बँकेचं 'रिटेल डायरेक्ट' खातं नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य माणसाला उघडता येतं. पॅन, आधार, बँक खातं, मोबाइल नंबर आणि ईमेल एवढं पुरे. आपल्या ट्रेझरी बिलांचा लिलाव बुधवारी असतो, दहा हजारांचं एक बिल घ्या, ९१ दिवसांचं. दर तुम्ही सांगायचा नाही, मोठ्यांच्या बोलींतून जो ठरेल तो तुम्हाला. खात्यातून किती गेले ते लिहा, दहा हजारांतून वजा करा, दिवसांच्या हिशेबानं वार्षिक दर काढा आणि जाहीर झालेल्या दराशी ताडून बघा. जुळलं की मग अक्रा किंवा युगांडातल्या कंपालाचा तक्ता उघडा. सगळे रकाने ओळखीचे वाटतील.

भाचा अजून तिथंच आहे. घानात बिलांचा लिलाव शुक्रवारी होतो. संध्याकाळी तो निकालाचा फोटो पाठवतो आणि मी वहीत उतरवून घेतो: मागितले किती, आले किती, घेतले किती, दर काय. बाजूला महागाई, बाजूला डॉलर. मागच्या खेपेला त्यानं १८२ दिवसांचं बिल घेऊ का विचारलं. मी दराबद्दल बोललोच नाही. विचारलं, "पैसे कधी लागतील तुला?"

"घराचं प्लास्टर दिवाळीच्या आधी करून घ्यावं म्हणतो."

मी बोटांवर महिने मोजले आणि १८२ च्या रकान्यावर काट मारली.